शुक्रवारचं पाणी, शनिवारचा रिपोर्ट

पुणे शहरात आजवर जेवढ्या शंका काढल्या गेल्या असतील, त्यांतल्या निम्म्या एकट्या आमच्या साडूंनी काढल्या आणि उरलेल्या निम्म्या ते झोपलेले असताना इतरांनी काढल्या. हे मी कौतुकानं लिहितो आहे. सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण मागच्या महिन्यात त्यांच्या बिबवेवाडीच्या सोसायटीनं पंचवीस वर्षांची स्मरणिका काढली आणि तीत 'आमचे शंकासुर' या नावाचा पाऊणपानी लेख कुणा विनोदी सभासदानं लिहिला आहे. साडूंना जाऊन तीन वर्षं झाली. गेलेल्या माणसाची थट्टा करू नये असं माझं म्हणणं नाही. साडूंची थट्टा त्यांच्या तोंडावर मीच सगळ्यांत जास्त केली. पण त्या लेखाच्या शेवटी लिहिलं आहे की, 'जन्मभर सगळ्यांवर शंका घेणाऱ्या या गृहस्थांनी सोसायटीच्या पाण्याला मात्र स्वतःच प्रमाणपत्र दिलं आणि अर्ध्या इमारतीला कावीळ झाली!' वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह आहे. ते वाचून माझं डोकं जे फिरलं, ते अजून जागेवर आलेलं नाही. प्रमाणपत्र साडूंनी दिलं नव्हतं. ते मी दिलं होतं. त्यावर सही माझी होती. चौदा वर्षं मी गप्प बसलो, आता बसणार नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वीजखात्यात मीटर तपासनीस होते. तीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकून त्यांनी मीटर तपासले, आणि त्या वाकण्यातूनच त्यांचं सगळं तत्त्वज्ञान तयार झालं होतं. त्या काळी वीज चोरायची म्हणजे मीटरच्या फटीतून फोटोच्या फिल्मची पट्टी आत सरकवायची. चकती थांबते, आणि घरात इस्त्री, गीझर, सगळं चालू. "समोर आकडा असतो, शेजारी मालक देवाची शपथ घेत असतो, आणि आत फिल्म असते," साडू सांगायचे. "तेव्हा केमिस्टसाहेब, मला आकडा सांगू नका. चकती फिरताना दाखवा." केमिस्टसाहेब म्हणजे मी. शनिवार पेठेतल्या एका खाजगी प्रयोगशाळेत मी माती, सिमेंट आणि पाणी तपासायचो. हुद्दा मुख्य रसायनज्ञाचा होता, आणि बाकीचे रसायनज्ञ म्हणजे एक मुलगी होती, जी दर सहा महिन्यांनी लग्न ठरून सोडून जायची आणि तिच्या जागी दुसरी यायची.

दर रविवारी सकाळी नऊला साडू आमच्याकडे यायचे. बरोबर आठवड्याची कात्रणं. नव्वदनंतरच्या त्या दिवसांत वर्तमानपत्रांना नुकतेच रंग आले होते आणि रंगाबरोबर आरोग्याचं पानही आलं होतं. या आठवड्यात कॉफी हृदयाला चांगली, पुढच्या आठवड्यात वाईट, तिसऱ्या आठवड्यात दिवसाला दोन कप चांगली आणि तिसरा वाईट. साडू ही कात्रणं एका जुन्या डायरीत समोरासमोर चिकटवायचे, म्हणजे डायरी मिटली की दोन संशोधनं एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून भांडत बसतील. कुणीही 'संशोधन झालंय' म्हणालं की त्यांचे तीन प्रश्न ठरलेले असत. किती माणसांवर? किती दिवस? आणि त्यांतला बिबवेवाडीचा कोण होता? ज्या काळात सगळे डॉक्टर शेंगदाण्याचं तेल म्हणजे विष असं सांगत होते आणि गृहिणी डबेच्या डबे रिफाइंड तेल आणत होत्या, त्या काळात साडू घाण्याच्या दुकानात जाऊन किटली भरून आणायचे. "पंधरा वर्षांनी हे लोक फिरून शेंगदाण्यावर येतील. तेव्हा मी तिथंच उभा असेन, त्यांना रस्ता दाखवायला." आले की नाही, ते तुम्हीच बघा.

आता इथं मी खोटं लिहिणार नाही, एकदा लिहिलं तेवढं पुरे. साडू नेहमी बरोबर असत असं मुळीच नाही. रक्तदाबाची गोळी लागू पडते की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी स्वतःवर प्रयोग केला. एक आठवडा गोळी, एक आठवडा बिनगोळी. बिनगोळीच्या आठवड्यात ते बँकेच्या रांगेत आडवे झाले. कॅशियरनं तोंडावर पाणी मारलं, वॉचमननं पाय वर धरले. शुद्धीवर आल्यावर माणसं 'मी कुठं आहे' विचारतात. यांनी विचारलं, "किती वाजले?" वहीत नोंद करायची होती. ताई, म्हणजे माझी मेहुणी, दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पण तिसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना पोस्टकार्ड टाकलं, 'आपली गोळी काम करते असे आढळले. शंका घेतल्याबद्दल दिलगीर आहे. कळावे.' डॉक्टरांनी ते कार्ड दवाखान्यात काचेखाली ठेवलं आणि आल्यागेल्याला दाखवून हसले. मीही हसलो. शंका घेणारे शहरात पुष्कळ होते. शंका फिटल्यावर पोस्टकार्ड टाकणारा मला दुसरा भेटलेला नाही, पण हे मला त्या वेळी दिसलं नाही.

पर्यावरण हा शब्द तेव्हा नवीन होता आणि सगळ्यांना भाषणात घालायला आवडायचा. वॉर्डात वृक्षारोपण झालं. नगरसेवक आले, फोटोग्राफर आला, माती एका ताटलीत आली. साडूंनी पुढं होऊन पाहुण्यांना हार घालायच्या गडबडीत रोपाच्या बुंध्याला आपल्या जुन्या पायजम्याची नाडी बांधली. आठवड्यानं खड्डा होता, रोप नव्हतं. साडू सायकल काढून फिरत राहिले. पंधराव्या दिवशी दोन वॉर्ड पलीकडं दुसऱ्या पक्षाच्या पुढाऱ्यांच्या हस्ते वृक्षारोपण चाललं होतं, आणि पुढारी ज्या रोपाला पाणी घालत होते त्याच्या बुंध्याला पांढरी नाडी होती. साडूंनी गर्दीत हात वर केला. "साहेब, झाड कुणाचंही असो, नाडी माझी आहे. तेवढी सोडून द्या." त्यांना बखोटीला धरून बाहेर काढलं. नाडी त्यांनी आणलीच, तीसुद्धा घालायला, पुराव्याला नव्हे.

आणि निवडणुका. सगळ्या पक्षांचे जाहीरनामे ते इस्त्री करून ठेवायचे. उमेदवार हात जोडत जिन्यात आला की हे दारात तयार. "या, या. मागच्या वेळचा जाहीरनामा आणलाय का आपण? नसेल तर काळजी नको, माझ्याकडे आहे. पान दोन, कलम चार." दोन निवडणुकांनंतर कुठल्याही पक्षाचा माणूस त्यांच्या जिन्यात शिरेना. शेजारच्या बाई कुरकुरल्या, "अहो, तुमच्यामुळे आम्हाला कॅलेंडरसुद्धा मिळत नाही." साडू म्हणाले, "कॅलेंडर मी देतो. त्यातल्या तारखा तरी खऱ्या असतात."

हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या आल्या आणि पुण्याची जमीन एकदम शहाणी झाली. सोसायटीच्या शेजारी कित्येक वर्षं मोकळा पडलेला प्लॉट होता. तिथं इंजिनिअर मुलांसाठी उंच इमारती येणार होत्या. जाहिरातीत त्या बागेत उभ्या होत्या, आणि बागेत एक मोरही होता. प्रत्यक्षात पत्र्याच्या झोपड्यांत चारशे मजूर आणून ठेवले, आणि त्यांच्या संडासासाठी बिल्डरनं दोन खड्डे खणले ते नेमके सोसायटीच्या कुंपणाला लागून. कुंपणाच्या या बाजूला सोसायटीची बोअरवेल होती. नळाचं पाणी तासभर यायचं, बाकी दिवसभर त्या बोअरवर चालायचं. उन्हाळ्याच्या अखेरीला साडूंना पाण्याला वास येऊ लागला. दुसऱ्या कुणाला आला नाही. सेक्रेटरी म्हणाले, "काका, तुम्ही गुलाबालाही वास येतो का, असं आधी विचाराल." साडूंनी अर्ज केले, खड्डे मोजले, कुंपणापासूनचं अंतर टेपनं घेतलं. बिल्डरचा माणूस म्हणाला, "रिपोर्ट आणा. रिपोर्ट वाईट आला, तर खड्डे बुजवतो." रविवारी सोसायटीची सभा ठरली.

शुक्रवारी दुपारी साडू शनिवार पेठेत आमच्या प्रयोगशाळेत आले. मी दिलेल्या निर्जंतुक बाटलीत पाणी, बाटली बर्फाच्या डब्यात, डबा रिक्षात मांडीवर. मी सहज म्हटलं, "दुसरीकडेही एक नमुना द्या. तुमचं समाधान होईल." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काही अभद्र बोललो. "तुम्ही असताना? मी काय वेडा आहे?" चहा न घेता गेले.

पाण्यात मैल्यातले जंतू आहेत का, हे तपासायची रीत सोपी आहे. काचेच्या नळीत जंतूंचं खाद्य, त्यात एक छोटी नळी उलटी बुडवलेली, आणि वरून ते पाणी. नळ्या उबदार कपाटात ठेवायच्या. जंतू असतील, तर उलट्या नळीत हवेचा बुडबुडा धरतो. बुडबुडा दिसला, की संशय पक्का. पण पाणी शुद्ध आहे असं म्हणायचं असेल, तर पूर्ण दोन दिवस थांबावं लागतं. माझ्या धंद्यातला हा पहिला धडा. शुक्रवारी दुपारी मी नळ्या कपाटात ठेवल्या. शनिवारी सकाळी मालकांनी बोलावलं. तो बिल्डर आमचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक होता. मालक आवाज चढवणारे नव्हते. "तुमचे साडू ना ते? वय झालंय, त्यांना शांत झोप लागू द्या. पाऊस पडला की पाणी आपोआप सुधारतं. रिपोर्ट आजच द्या." मी म्हटलं, "नळ्या उद्या दुपारी होतील." ते म्हणाले, "तुमची मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला ना?" एवढंच. पुढं काही म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही. खुर्चीत बसलो आणि टाईप केलं, 'जंतू आढळले नाहीत. पिण्यास योग्य.' नमुना मिळाल्याची तारीख शुक्रवारची, रिपोर्टची तारीख शनिवारची. दोन दिवस लागणारी तपासणी मी एका रात्रीत उरकली होती, आणि ते त्याच कागदावर माझ्याच हातानं छापलेलं होतं. इतकं ढोबळ की आमच्याकडची सहा महिने टिकणारी मुलगीही पकडेल.

जगातल्या प्रत्येक कागदाची तारीख पाहणाऱ्या साडूंनी त्या कागदाची तारीख पाहिली नाही. रविवारच्या सभेला मीही होतो, पाहुणा म्हणून. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडलेल्या. साडू उभे राहिले, रिपोर्ट मोठ्यानं वाचला, घडी घातली. मग म्हणाले, "माझी शंका चुकीची होती. बिल्डरसाहेबांच्या माणसांना मी नाही नाही ते बोललो. सगळ्यांसमोर माफी मागतो." कुणीतरी टाळी वाजवली. बिल्डरच्या माणसानं तयारीच ठेवली होती, 'जागरूक नागरिक' म्हणून साडूंना शाल आणि नारळ दिला. शाल खांद्यावर घेऊन साडू माझ्याकडे बघून हसले. गोळी काम करते असं आढळल्यावर पोस्टकार्ड टाकताना हसले असतील, तसं. मी टाळी वाजवत होतो.

सोमवारी सकाळी मी उबदार कपाट उघडलं. पाचही नळ्या गढूळ, पाचही छोट्या नळ्यांत बुडबुडे. अजून वेळ होता. फोन टेबलावर होता. मी बेसिनपाशी गेलो, नळ्या उकळत्या पाण्यातून काढल्या, ब्रशनं घासल्या आणि उपड्या वाळत घातल्या. अतिशय स्वच्छ घासल्या. त्यानंतर आजपर्यंत मला ज्याचा सगळ्यांत जास्त राग येतो, ते मालक नाहीत, बिल्डर नाही. तो बेसिनपाशी उभा असलेला माणूस आहे.

पावसाळ्यात कावीळ आली. तीन जिन्यांत मिळून दहा-बारा जण आजारी पडले, त्यांत ताई. तीन आठवडे ती रुग्णालयात होती. वाचली, पण आधीची ताई काही घरी आली नाही. खमंग फोडणीचा वाससुद्धा तिला पुढं वर्षभर सोसत नव्हता. सोसायटीत मात्र लोकांना आता हक्काचा माणूस मिळाला. जिन्यात, दुधाच्या रांगेत, लिफ्टमध्ये. "काय काका, तुमच्या रिपोर्टवर विश्वास ठेवून प्यायलो हो आम्ही." "काका, आज भाजीवर शंका घेतलीत का, की तीही पास?" ज्यांना वास आला नव्हता, तेच हे बोलत होते. सेक्रेटरी सगळ्यांत पुढं. आणि ज्या माणसानं उमेदवाराला पान दोन, कलम चार वाचायला लावलं, तो माणूस मान खाली घालून जिना चढायचा. माझं नाव त्यानं कधी घेतलं नाही. रुग्णालयात मी भेटायला गेलो, तेव्हा साडू मला म्हणाले, "पावसानं नंतर बिघडलं असेल पाणी." मी म्हटलं, "हो, तसंच असेल." हे तीन शब्द मी दोन बहिणींच्या समोर, पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून उच्चारले.

स्मरणिका वाचली त्याच दुपारी मी बिबवेवाडीला गेलो. ताई मटार सोलत बसली होती. मी बसलोही नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, शुक्रवार, शनिवार, सोमवार. तिनं मान वर केली नाही. सोललेले दाणे ताटात एका बाजूला ओढले.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "त्यांनाही माहीत होतं."

"कधीपासून?"

"मी दवाखान्यात होते तेव्हापासून. माझ्या लघवीची तपासणी होती. तिथल्या मुलानं यांना सांगितलं, जंतू वाढायला दोन दिवस लागतात आजोबा, घाई करू नका. हे तसेच उठले, रिक्षानं घरी आले, तुमचा कागद काढला. संध्याकाळी परत येऊन माझ्याशेजारी बसले. मग म्हणाले, शनिवारची तारीख आहे गं."

मी विचारलं, "मग मला जाब का नाही विचारला? मंत्र्याला सोडायचे नाहीत ते!"

"मी म्हटलं ना त्यांना. म्हटलं, जा आणि विचारा. तर म्हणाले, विचारलं तर तो खरं सांगेल. त्याला खोटं बोलता येत नाही नीट, तारीखसुद्धा बदलता आली नाही. मग एकदा सांगितलं की तुम्ही दोघी बहिणी एकमेकींकडे जाणार कशा? आणि मी रविवारी कुठं जाऊ?" ताईनं पुढची शेंग उचलली. "बसा भावोजी. असे उभे राहू नका."

बसलो, पण मला त्यांचाही राग आला, अजूनही येतो. मला न विचारता माफ करायचा अधिकार त्यांना कुणी दिला? सगळ्या शहराला प्रश्न विचारणाऱ्या माणसानं एका मला सूट द्यावी? माझ्या दारात उभं राहून त्यांनी ओरडायला हवं होतं. त्याऐवजी त्यांनी माझा मूर्खपणा स्वतःच्या अंगावर घेतला आणि अकरा वर्षं जिन्यातले टोमणे ऐकले. तेव्हा आता हे सगळं मी त्या सोसायटीच्या सध्याच्या चेअरमनना लिहून दिलं आहे. ते एका संगणक कंपनीत मॅनेजर आहेत. म्हणाले, "अंकल, इट्स ओके, आता तर कॉर्पोरेशनचं फुल सप्लाय आहे ना." मी त्यांना सांगितलं की इट्स ओके नाही, आणि हा कागद नोटीसबोर्डावर लागेपर्यंत मी रोज सकाळी तुमच्या ऑफिसात येऊन बसणार आहे. आज सहावा दिवस. वाचणाऱ्यांसाठी इथंही लिहितो. पाणी वाईट होतं. वास खरा होता. साडू बरोबर होते. मला सोमवारी सकाळपासून ते माहीत होतं.

एक गोष्ट तेवढी राहिली. ती मी ताईलाही सांगितली नाही. त्या काविळीनंतर साडू बाहेर कुणाकडेही पाणी प्यायचे नाहीत. लग्नाला जावोत, बारशाला जावोत, अगदी मयताला गेले तरी खांद्याच्या पिशवीत उकळलेल्या पाण्याची बाटली असायची. सख्ख्या भावाकडेसुद्धा ते आपलीच बाटली काढायचे, आणि भाऊ रागावला तरी त्यांची हरकत नसे. आमच्याकडे रविवारी आले, की मात्र बाटली पिशवीतच राहायची. ते सरळ स्वयंपाकघरात जायचे, माठावरचं झाकण काढायचे, पेला बुडवून भरायचे आणि उभ्यानंच संपवायचे. पाणी उकळलेलं आहे का, गाळलेलं आहे का, एका शब्दानं नाही. मी बाहेर खुर्चीत बसून बघायचो आणि मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकायचो, की यांना काही कळलेलं नाही. पेला उपडा घालून ते हात पायजम्याला पुसत बाहेर यायचे, माझ्यासमोर बसायचे आणि म्हणायचे, "हं केमिस्टसाहेब, काय म्हणतात आज पेपरवाले?"